हिरड्यांचे आरोग्य : आहार, वनौषधी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने दंतविभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या सभेत विश्वस्त मंडळाने दंतविभागास बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. दातांच्या दुखण्याने माणूस सहसा दगावत नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात काय किंवा घरखर्चाच्या यादीत काय, दातांचा क्रमांक शेवटचा लागतो आणि हिरड्यांचा तर त्याच्याही मागे. किडलेला दात ठणकतो, रात्र जागवतो, माणसाला दवाखान्याची पायरी चढायला लावतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे झिजत राहते. चूळ भरताना पाणी थोडे लालसर दिसते, एवढीच काय ती तिची तक्रार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार १५ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे जगभरात १०० कोटींहून अधिक माणसे, हिरड्यांच्या तीव्र विकाराने ग्रस्त आहेत. आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात, तोच हा विकार.

आजचा विषय एका पत्रामुळे सुचला. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास संस्थेच्या एका जुन्या हितचिंतकांचे पत्र विश्वस्त मंडळाकडे आले. त्यांच्या मातोश्रींना हिरड्यांतून रक्त येण्याचा त्रास होता आणि एका वनस्पतिजन्य गोळीने व मंजनाने तो थांबला, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या आईला जो लाभ झाला तो गोरगरिबांनाही मिळावा, या सद्‌भावनेने त्यांनी लिहिले होते की, दंतविभागात येणाऱ्या प्रत्येक गरजू रुग्णाला ही गोळी व मंजन वर्षभर मोफत द्यावे. सर्व खर्च ते स्वतः सोसतील. मंडळाने ते पत्र अभिप्रायासाठी आमच्याकडे पाठविले.

धर्मादाय संस्थेला देणगी स्वीकारणे सोपे असते. ती स्वीकारावी की नाही, असा विचार करणे अवघड असते. आम्ही उत्तर लिहायला बसलो आणि सर्वप्रथम आमच्याच केसपेपरांकडे पाहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आज आपल्यासमोर मोकळेपणाने सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हिरड्यांतून रक्त येते, अशी तक्रार असलेल्या जवळजवळ प्रत्येक केसपेपरवर आम्ही 'क' जीवनसत्त्वाची गोळी लिहीत आलो होतो. ही प्रथा केव्हा आणि कोणी सुरू केली, हे कोणालाच आठवेना. गोळी स्वस्त होती, फारसा अपाय करणारी नव्हती आणि 'डॉक्टरांनी काहीतरी दिले' असे समाधान रुग्णाला लाभत होते. म्हणजे जो प्रश्न आम्ही त्या हितचिंतकांना विचारणार होतो, तो आम्ही स्वतःला कधीच विचारला नव्हता. म्हणून दोन्ही गोळ्यांचा विचार एकाच तराजूत करावयाचे आम्ही ठरविले.

प्रथम हिरडी आजारी कशी पडते, ते थोडक्यात पाहू. दात आणि हिरडी जिथे मिळतात, त्या कडेवर जीवाणूंचा एक मऊ, चिकट थर सतत साचत असतो. त्याला प्लाक म्हणतात. तो रोज पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचे कीटण बनते. या थराशी शरीर लढा देते. त्या लढ्याची खूण म्हणजे हिरडीची लाली, सूज आणि रक्तस्राव. येथपर्यंतचा विकार पूर्णपणे बरा होतो. परंतु ही सूज दीर्घकाळ राहिली, आणि शरीराची धाटणी तशी असली, तर ती खोलवर जाते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि दात हलू लागतात. गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून जे काही करावयाचे ते पहिल्या टप्प्यात करावे लागते.

यासंबंधी डेन्मार्कमधील आरहूस येथे एक साधा, परंतु मोठा बोध देणारा प्रयोग झाला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासणे सुरू करताच त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या विकाराचे मूळ त्या थरात आहे, हे या प्रयोगाने निर्विवादपणे सिद्ध केले. मग आहाराचा संबंध उरला कुठे, असे कोणी विचारील. तो संबंध आहे आणि महत्त्वाचा आहे. पण तो नेमका कोठे आहे, हे समजून घेतले पाहिजे.

हिरड्या आणि आहार यांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसला तो समुद्रावर. लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांच्या हिरड्या सडत, दात गळत आणि शेवटी माणसे मरत. या रोगाचे नाव स्कर्व्ही. १७४७ साली 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर जेम्स लिंड या शल्यचिकित्सकाने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला संत्री आणि लिंबे मिळाली. ती दोघे पाहता पाहता बरी होऊ लागली. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने आणखी एका जोडीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. त्या दोघांना लसूण, मोहरी, मुळा, बोळ इत्यादींचा वाटून केलेला लेह दिला होता. तोही वनस्पतींचाच होता, त्याच्यामागेही परंपरा होती आणि तो तयार करणाऱ्याच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही त्याने गुण आला नाही. वनस्पतिजन्य असणे हा गुणाचा पुरावा नव्हे. कोणत्या वनस्पतीत नेमके काय आहे आणि रुग्णाला नेमके काय हवे आहे, यावर सारे अवलंबून असते. एवढे स्पष्ट उत्तर हाती असूनही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडले, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या मातीशी जोडलेले एक उदाहरण पहिल्या महायुद्धातील आहे. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तीत मराठा पलटणींतील जवानही होते. त्या वेढ्यात हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण जवळजवळ नसतो. तेच कडधान्य भिजवून मोड आणले की तो गुण त्यात उत्पन्न होतो. आपल्या घरोघरी मोड आलेल्या मटकीची उसळ होते, तिच्यामागचे हे शास्त्र. पुढे 'क' जीवनसत्त्वाच्या शोधातील कार्यासाठी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिरडीचा दोर ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा विणलेला असतो, त्याचे धागे पक्के होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर धागे उसवतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

हा सारा इतिहास झाला, असे कोणी समजू नये. मागील वर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक आजोबा आले. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत होते. हिरड्या जांभळट, फुगलेल्या आणि हात लावताच रक्त येणाऱ्या. पायांवर बारीक लाल ठिपके. पुढचे दात हलत असल्याने चावता येत नव्हते. 'आजोबा, जेवता काय?' असे विचारल्यावर ते म्हणाले, 'सकाळी चहा-बटर, दुपारी वरण-भात, रात्री पुन्हा चहा-बटर. चावायचं काही नको म्हणून.' भाजी किंवा फळ त्यांच्या तोंडी कित्येक महिन्यांत गेले नव्हते. वैद्यकीय विभागाने तपासण्या करून 'क' जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचे निदान केले. येथे ती साधी गोळी खरोखरीचे औषध ठरली आणि काही आठवड्यांत त्यांच्या हिरड्यांचा रंग पालटला. शेजारच्या कुटुंबाने रोज एक वाटी पालेभाजी आणि मऊ पेरूची फोड देण्याचे आनंदाने मान्य केले.

या आजोबांनी आम्हाला एक गोष्ट शिकविली. आहार बिघडला की हिरडी बिघडते, हे खरेच. पण हिरडी बिघडली की आहारही बिघडतो. दात हलू लागले की माणूस भाकरी, काकडी, गाजर, पेरू हे सारे सोडून मऊ आणि गोड पदार्थांकडे वळतो. मग दुखणे वाढते आणि ताट आणखी आक्रसते. वृद्धांच्या बाबतीत हे चक्र फार वेगाने फिरते. घरातील आजी-आजोबांच्या ताटात अलीकडे काय उरते, याकडे कुटुंबीयांनी लक्ष दिले, तर निम्मे निदान घरीच होईल.

आता प्रश्न असा की, ज्यांना स्कर्व्ही नाही अशा सर्वसामान्य माणसांच्या हिरड्यांवर आहाराचा परिणाम होतो का? होतो. स्वित्झर्लंडमध्ये १० जणांनी चार आठवडे अश्मयुगीन पद्धतीने राहून पाहिले. साखर आणि मैदा नाही. अख्खे धान्य, रानभाज्या, थोडे दूध, मध आणि मांस असा आहार आणि दात घासण्यास ब्रशही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या दातांवरील थर वाढला, पण तपासताना रक्त येण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आले. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिरड्या सुजलेल्या ३० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे साखर व मैदा कमी असलेला, भाज्या, फळे आणि तंतुमय पदार्थ भरपूर असलेला आहार दिला. दातांवरील थर दोन्ही गटांत सारखाच राहिला, परंतु आहार बदललेल्या गटातील रक्तस्राव लक्षणीय कमी झाला.

या दोन्ही प्रयोगांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. आहाराने दातांवरचा थर नाहीसा होत नाही. बदलते ते त्या थराला शरीराने दिलेले उत्तर. साखर आणि मैदा यांच्या भडिमारात शरीर सुजेला लवकर पेटते. भाज्या, फळे आणि अख्ख्या धान्यांच्या आहारात ते संयमाने लढते. शिवाय, हे प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोड्या काळासाठी झाले. त्यांवरून 'आहार सांभाळा आणि ब्रश फेकून द्या' असा निष्कर्ष काढणे हा आत्मघात ठरेल. सूज ओसरते, पण साचलेले कीटण जागचे हलत नाही आणि कोणत्याही भाजीने, काढ्याने किंवा गोळीने ते विरघळत नाही. ते उपकरणानेच काढावे लागते.

आता वनौषधींकडे वळू. आमच्याकडे येणारे रुग्ण कौतुकाने सांगतात की, हिरड्यांसाठी हिरडा, म्हणून तर नावे सारखी! नावाचे साम्य गोड असले तरी ते औषधी गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. तरीही सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी बांधव ज्याची वेचणी करतात, तो हिरडा उपेक्षणीय नाही. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून झालेल्या त्रिफळ्याच्या गुळण्यांची तुलना भारतातील अनेक दंत महाविद्यालयांनी क्लोरहेक्झिडिन या प्रमाणित औषधी द्रावणाशी केली आहे. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी करण्यात त्रिफळ्याने समाधानकारक काम केल्याचे त्यांपैकी बऱ्याच चाचण्यांत आढळले. हळदीच्या गुळण्यांवर १०० जणांवर झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत थर रोखण्यात क्लोरहेक्झिडिन सरस ठरले, पण सूज कमी करण्यात हळदही मागे राहिली नाही. क्लोरहेक्झिडिन दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. त्या मानाने त्रिफळा आणि हळद सौम्य आहेत. हे सारे आम्ही आनंदाने मान्य करतो.

परंतु या चाचण्यांतील तीन गोष्टी जाहिरातीत कधी सांगितल्या जात नाहीत. पहिली, बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या होत्या. दात वाचले का, हे कळायला वर्षे लागतात. दुसरी, त्यांत भाग घेणाऱ्यांचे दात बहुधा आधी साफ करून घेतलेले असत आणि ते नेहमीप्रमाणे ब्रशही करीत. वनौषधी ही जोड होती, पर्याय नव्हे. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, या चाचण्या प्रामुख्याने गुळण्या आणि लेप यांच्या आहेत. तेच द्रव्य गोळी म्हणून गिळले तर हिरडीला तितकाच लाभ होतो, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. जवसाविषयीही असेच म्हणता येईल. जवसाची चटणी हा उत्तम आहार आहे. पण ओमेगा-३ मेदाम्लांचा हिरड्यांवरील परिणाम ज्या चाचण्यांत दिसला, त्या प्रामुख्याने माशाच्या तेलाच्या आहेत आणि जवसातील मेदाम्लाचे शरीरात त्या प्रकारच्या मेदाम्लात होणारे रूपांतर अल्प असते.

आपली परंपरा याबाबत आपल्यापेक्षा अधिक जागरूक होती, असे आम्हास नम्रपणे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा, टोक ठेचून मऊ केलेल्या काडीने आणि हिरड्यांना इजा न करता दात घासावेत, असे सांगितले आहे. म्हणजे दोन वेळा, मऊ कुंचला आणि हलका हात. आम्ही आज केसपेपरवर लिहितो तेच. बाभळीची आणि कडुनिंबाची काडी चघळणाऱ्या आपल्या पूर्वजांनी केवळ वनस्पतीच्या रसावर विसंबून घासणे सोडले नव्हते. राखुंडीने किंवा भरड मंजनाने बोट दाबून घासण्याने मात्र दातांचे आवरण झिजते आणि हिरडी मागे सरते. आणि मिशरीविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली; पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिशरीला कोणता कायदा अडविणार? तंबाखूही वनस्पतीच आहे, हे लक्षात ठेवावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्या निरोगी भासतात. आत मात्र हाड झिजत असते. मिशरीची सवय तर तोंडाच्या कर्करोगाच्या वाटेवर नेते.

आता आम्ही आपणांस एका रुग्णाविषयी सांगणार आहोत. त्यांची परवानगी आहे. नाव सांगत नाही. पंचेचाळिशीच्या या ताई पोळी-भाजी केंद्र चालवून दोन मुलांना शिकवीत आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. शेजारणीने मंजन सुचविले, नात्यातल्या एकांनी काढा सांगितला, पुढे जाहिरात पाहून त्यांनी वनस्पतिजन्य गोळ्या मागविल्या. दर वेळी रक्त थोडे कमी होई, आशा वाटे आणि आणखी काही महिने निघून जात. आमच्याकडे आल्या तेव्हा पुढच्या दातांत फट पडली होती आणि घास चावणे कठीण झाले होते. क्ष-किरण चित्रात हाड बरेच झिजलेले दिसले. वारंवार पू होत असल्याने आम्ही रक्तातील साखर तपासली. ती फार वाढलेली होती. आपणांस मधुमेह आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मधुमेह आणि हिरड्यांचा विकार ही एकमेकांना खतपाणी घालणारी दुखणी आहेत. साखर वाढली की हिरड्या लवकर झिजतात आणि हिरड्यांतील सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात २०२२ साली दिसून आले. ताईंचे चार दात काढावे लागले. उरलेले खोलवर साफसफाई आणि मधुमेहाचे औषधोपचार यांमुळे आज टिकून आहेत. त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न अजून आमच्या कानांत आहे : 'डॉक्टर, मी एक दिवस औषध चुकवलं नाही. मग माझं चुकलं कुठं?' त्यांचे काहीही चुकले नव्हते. कष्टाचे पैसे आणि तीन वर्षांची नियमितता त्यांनी दिली होती. रक्त येणे ही खूण आहे, ती पुसण्यापूर्वी वाचायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे आमचे काम होते.

म्हणून रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी आमचे सांगणे असे आहे. हिरड्यांतून दोन आठवड्यांहून अधिक काळ रक्त येत असेल, तर कोणताही उपाय सुरू करण्याआधी दंतवैद्यास दाखवावे. त्यामागे कीटण असू शकते, मधुमेह असू शकतो, रक्त पातळ करणारी गोळी असू शकते आणि क्वचित रक्ताचा गंभीर आजारही असू शकतो. तापाबरोबर अचानक रक्त आले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. दिवसातून दोन वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने दात घासावेत आणि दातांमधील फटी स्वच्छ कराव्यात.

आहाराविषयी सांगावयाचे तर महागड्या डब्यांची गरज नाही. प्रौढ पुरुषास दिवसाला ८० आणि स्त्रीस ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरेसे असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. १०० ग्रॅम पेरूत त्याच्या दुपटीहून अधिक असते. आवळ्यात त्याहूनही जास्त. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, कोबी, मोड आलेली कडधान्ये हे आपले रोजचे धन आहे. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात विरघळते; म्हणून भाजी चिरून पाण्यात ठेवू नये, लिंबू वरण उतरविल्यावर पिळावे आणि ताटात एक कोशिंबीर असावी. मोरावळा आवडीने खावा, पण त्यातील साखरेचा हिशेब ठेवावा. हिरडी बळकट होईल म्हणून दातांवर लिंबू चोळू नये. आम्लाने दातांचे आवरण विरघळते. लवंगेचे तेल थेट हिरडीवर लावल्यास ती भाजते. 'ब-१२' जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. म्हणून संपूर्ण शाकाहारी कुटुंबांनी दूध-दही ठेवावे आणि जीभ लाल, गुळगुळीत झाल्यास किंवा हिरड्या फिकट दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी.

गोळीच्या रूपातील वनौषधींबाबत सावधानता हवी. स्वयंपाकातील हळद निराळी आणि तिच्या अर्काची तीव्र गोळी निराळी. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती सूचना वाचावी, आणि घेत असलेली प्रत्येक पुडी, काढा व गोळी डॉक्टरांना न संकोचता सांगावी. आम्ही रागावणार नाही.

आता त्या पत्राचे काय झाले, ते सांगून आमचे निवेदन संपवितो. आम्ही त्या हितचिंतकांना लेखी नकार पाठविला नाही. 'एक दिवस सकाळी आमच्या विभागात येऊन बसा,' अशी विनंती केली. ते आले आणि दुपारपर्यंत थांबले. एका रुग्णाच्या दातांवरून निघालेले कीटण त्यांनी स्वतः पाहिले. 'हे गोळीने निघालं नसतं,' एवढेच ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांना बोलता बोलता आठवली : त्यांच्या मातोश्रींनी गोळी सुरू करण्याच्या महिनाभर आधी दात साफ करून घेतले होते. तरीही त्रिफळ्यावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही. आणि ती सोडावी असा आमचाही आग्रह नव्हता. शेवटी असे ठरले की, त्यांच्या देणगीतून गरजू रुग्णांचे दात मोफत साफ करावेत, प्रत्येकास मऊ ब्रश द्यावा, हिरड्यांचा विकार आढळलेल्यांची साखर मोफत तपासावी. आणि ज्यांना हवे असेल त्यांना साफसफाईनंतर त्रिफळ्याच्या गुळण्यांसाठी चूर्ण द्यावे. आम्हीही आमच्या केसपेपरवरील ती सवयीची गोळी बंद केली आहे. आता ती लिहिण्यापूर्वी 'आपण जेवता काय?' हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर केसपेपरवर नोंदले जाते.

सन्माननीय देणगीदारहो, आपण दिलेल्या प्रत्येक रुपयामागे कोणाची तरी आई, कोणाचे तरी वडील यांची आठवण असते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच तो रुपया जिथे सर्वाधिक उपयोगी पडेल तिथेच लावणे, आणि प्रसंगी आपल्याशी नम्रपणे मतभेद व्यक्त करणे, हीच त्या आठवणीची खरी कदर आहे, असे आम्ही मानतो. आपला विश्वास असाच राहो, ही विनंती.